पाळीव प्राण्याला स्पेशालिस्टकडे कधी न्यायचं?

तुम्ही लिहिलंय: पाच वर्षांची लॅब्राडोर, चार महिन्यांपासून कान खाजवते, थेंब आणि गोळ्या चालू असेपर्यंत बरी, बंद केल्या की पंधरा दिवसांत पुन्हा तेच. डॉक्टर म्हणतात आणखी एक कोर्स करून बघू. स्पेशालिस्टकडे न्यायची वेळ आली का? आणि शेवटी जरा संकोचाने विचारलंय, की आमच्या डॉक्टरांना वाईट तर वाटणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बरेच लोक तिथेच अडतात. मी स्वतः पशुवैद्य आहे आणि स्पेशालिस्ट नाही. लसीकरण, नसबंदी, जुलाब, जखमा, समोर येईल ते बघते. एखाद्याने "कुणा तज्ज्ञाला दाखवू का?" असं विचारलं की मला बहुतेक वेळा हायसं वाटतं. पुष्कळदा ते माझ्याच मनात असतं, पण समोरच्याला खर्च झेपेल की नाही या विचाराने मीही गप्प असते. मालक म्हणतो डॉक्टर सांगतील, डॉक्टर म्हणतो मालक विचारेल, आणि यात महिने जातात. तेव्हा सरळ विचारा: "पुढची पायरी कोणती? ती तुम्ही इथेच कराल की कुणाकडे पाठवाल?" एवढ्यावरून कुणी दुखावलं जात असेल, तर तोच डॉक्टर बदलायचा इशारा समजा.

आता मुख्य मुद्दा. स्पेशालिस्ट म्हणजे आजार फार गंभीर, असं लोक धरून चालतात. माझा निकष वेगळा आहे. आजाराला नाव मिळालंय का? आणि मिळालं असेल तर त्या नावाच्या उपचाराने ठरलेल्या वेळेत फरक पडला का? दोन्हींपैकी एकाचं जरी उत्तर "नाही" असेल आणि तरीही तोच कोर्स पुन्हा लिहून दिला जात असेल, तर पुढे जायची वेळ झाली.

तुमच्या लॅब्राडोरला हाच निकष लावू. "कानात इन्फेक्शन" हे नाव अर्धवट आहे. कुत्र्यांच्या कानातलं इन्फेक्शन बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो: अ‍ॅलर्जी (लॅब्राडोरमध्ये ती भरपूर दिसते), कानातले माइट (अगदी बारीक किडे) यांसारखे परजीवी, आत वाढलेला मांसल कोंब, कधी थायरॉईड कमी असणं. म्हणून आधी चार गोष्टी झाल्यात का ते बघा. कानातली घाण काचपट्टीवर घेऊन, रंगवून, मायक्रोस्कोपखाली पाहिली का? त्यात यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे, गोल जिवाणू आहेत की दांड्यासारखे, यावर औषध ठरतं. दांड्यासारखे दिसले तर कल्चर करून कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते तपासलं का? कानाचा पडदा शाबूत आहे का हे कुणी आत बघून सांगितलं का? आणि अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर पिसवांचा कडक बंदोबस्त करून निदान आठ आठवडे एकाच ठरावीक आहाराची चाचणी केली का? या चाचणीत लोक बहुधा हरतात. बिस्किटाचा एक तुकडा, मांसाच्या चवीची जंतांची गोळी, पाहुण्यांनी कौतुकाने दिलेला घास, यातल्या कशानेही निष्कर्ष बिघडतो.

यातलं सगळं तुमचे नेहमीचे डॉक्टरही करू शकतात. झालं नसेल तर आधी ते करून घ्या. झालं असेल आणि तरीही कान परत परत भरतोय, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि जास्त थांबू नका. सतत सुजलेल्या कानाची नळी जाड होत जाते, पुढे तिच्या भिंतींमध्ये चुना साचून ती कडक होते आणि मग औषध आत पोहोचतच नाही. त्या अवस्थेला पूर्ण नळी काढून टाकायचं ऑपरेशन उरतं. कानाचा आजार हळू चालतो, पण चालतो.

काही अवयव मात्र इतकाही वेळ देत नाहीत. डोळ्याच्या बाबतीत मी सर्वांत लवकर पुढे पाठवते. लाल, अर्धवट मिटलेला किंवा धुरकट झालेला डोळा दिसला की आधी रंगाचा थेंब टाकून बुबुळावर जखम आहे का बघायचं, आतला दाब मोजायचा. जखम असताना घरात पडलेला स्टेरॉईडचा थेंब टाकला तर बुबुळाला भोक पडू शकतं. दाब वाढलेला असेल तर एक-दोन दिवसांत दृष्टी जाऊ शकते. पाठीच्या मणक्याचंही तसंच. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले आणि बोट जोरात चिमटल्यावरही त्याला काही जाणवत नसेल, तर ऑपरेशन करू शकणाऱ्या सर्जनकडे त्याच दिवशी पोहोचायला हवं.

इथे एक गल्लत टाळा. इमर्जन्सी आणि स्पेशालिस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंबही येत नाही, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय आणि ते कोरड्या उलट्या काढतंय, फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, मांजर तोंड उघडून श्वास घेतंय: अशा वेळी नामांकित तज्ज्ञ शोधत बसू नका. जो दवाखाना उघडा आहे आणि जवळ आहे तिथे जा. जीव स्थिर झाला की पुढचं बघता येतं.

गाठीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त नुकसान घाईने होतं आणि तेही चांगल्या हेतूने. अंगावर गाठ दिसली, वाढतेय, तर "काढून टाकू आणि मग बघू" असं ठरतं. त्याआधी सुईने पेशी काढून काचपट्टीवर बघणं साधं, स्वस्त आणि बहुधा भूल न देता होणारं काम आहे. वाटाण्याएवढी गाठ महिनाभर टिकली असेल तर ते करायलाच हवं. मास्ट सेल ट्यूमर (कुत्र्यांच्या त्वचेतला एक कॅन्सर) निघाला तर गाठीभोवतीचा निरोगी भागही पुरेसा काढावा लागतो. पहिलं ऑपरेशन तोकडं झालं की दुसरं नेहमीच अवघड जातं. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरला किंवा सर्जनला विचारायचं ते टाके घालण्याआधी. दुसरं म्हणजे, गळ्याखाली, गुडघ्यामागे गाठी आल्या आणि लिम्फोमाचा (लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय आहे, तर निदान होण्याआधी स्टेरॉईड सुरू करू नका. चार दिवस कुत्रा खूश दिसतो, गाठी मऊ पडतात, पण तपासणी धूसर होते आणि पुढची केमोथेरपी कमी लागू पडते.

हृदयाचं थोडक्यात. हृदयाच्या ठोक्यांत मर्मर (जादा सरसर आवाज) ऐकू आली म्हणून घाबरू नका, पण इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. लहान जातीच्या कुत्र्यांत झडप सैल होण्याचा आजार सर्रास असतो. हृदय मोठं झालंय पण त्रास अजून सुरू नाही, अशा टप्प्यावर पिमोबेंडान हे हृदयाचं औषध दिल्याने हार्ट फेल्युअर सरासरी सुमारे पंधरा महिने लांबतं, हे 2016 सालच्या 'एपिक' अभ्यासात दिसलं. तो टप्पा स्टेथोस्कोपने कळत नाही, म्हणून तज्ज्ञ. घरी तुम्ही एकच करा: गाढ झोपेत असताना मिनिटाला किती श्वास होतात ते मोजा. तिशीच्या वर जाऊ लागले तर फोन करा.

फिट्सच्या बाबतीत: पहिली फिट सहा महिन्यांच्या आत किंवा सहा वर्षांनंतर आली, दोन फिट्समध्येही प्राणी नीट चालत-वागत नसेल, किंवा दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही आटोक्यात येत नसेल, तर न्यूरॉलॉजिस्ट.

ससा, पोपट, कासव पाळणाऱ्यांना हा सगळा हिशोब लागू नाही. त्यांच्यासाठी त्या प्राण्यांचा जाणकार हाच पहिला डॉक्टर. कुत्र्यांना गोचीड-पिसवांसाठी सर्रास लावलं जाणारं फिप्रोनिल किंवा तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाच्या जिवावर बेतू शकतं.

आणि कधी जाऊ नये? निदान कळलं तर तुम्ही काही वेगळं करणार आहात का, हे आधी स्वतःला विचारा. सतरा वर्षांची मांजर, किडनी थकलेली पण खातेपिते, उन्हात लोळते, तिला भूल देऊन एमआरआय करायचा आणि त्यातून काहीही निघालं तरी ऑपरेशन करायचंच नाही, तर तो प्रवास तिच्यासाठी नाही. मधला मार्गही असतो: तुमच्या डॉक्टरांना विचारा, ते रिपोर्ट तज्ज्ञाला पाठवून सल्ला घेतील का. पुष्कळ प्रश्न तेवढ्यावर सुटतात.

दारावर "स्पेशालिस्ट" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण किंवा रेसिडेन्सी (तज्ज्ञांच्या हाताखालचं प्रशिक्षण) झाली आहे का, असे रुग्ण नेहमी बघतात का, हे विचारण्यात गैर काही नाही.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या. एक्स-रेचा मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही, मूळ डिजिटल फाईल मागून घ्या. कोणतं औषध, किती मात्रेत, कधीपासून कधीपर्यंत आणि त्याने नेमकं काय बदललं, हे एका कागदावर लिहा. लंगडणं, खोकला, झटका असं काही असेल तर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात शिरल्यावर तेच प्राणी अगदी ठणठणीत चालतात.

तुमच्या बाबतीत अपॉइंटमेंट घेतानाच दोन गोष्टी विचारा: कानात थेंब टाकणं आणि कान धुणं किती दिवस आधी बंद करायचं, आणि स्टेरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर काय करायचं. अ‍ॅलर्जीच्या काही चाचण्यांसाठी त्या काही आठवडे आधी थांबवाव्या लागतात, पण महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात. त्या कशा कमी करायच्या हे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.