नियम माहीत असूनही लोक तो का मोडतात?

प्रश्न : कोरोनात आमच्या दक्षता समितीने दवंडी दिली, दंड केला, तरी लोक ताप लपवायचे, चाचणीला येत नव्हते. पुन्हा साथ आली तर काय करावे?
– ग्रामपंचायत सदस्य, केज तालुका

उत्तर : ताप लपवणाऱ्याला नियम बहुधा ठाऊक असतो, त्याचा हिशेब बसत नसतो. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असलेल्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, सात दिवस घरी बसवले तर उचल फिटणार कशी? चाचणीच केली नाही तर काम तरी चालू राहते. तिथे पावती फाडलीत तर पुढच्या वेळी आशाताईंना दार उघडणार नाही, एवढेच.

म्हणून विलगीकरण सांगायच्या आधी तीन नावे लिहा: किराणा कोण पोचवणार, टँकर आला की घागरी कोण भरणार, जनावरांचे कोण पाहणार. तिसरे हमखास राहते, आणि मग संध्याकाळी रोगी धार काढायला गोठ्यात हजर!

दुसरे कारण लाज. दारावर कागद चिकटवला की शेजारचे चाचणी टाळतात. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सक्षम अधिकाऱ्याच्या खास आदेशाशिवाय असे फलक लावू नयेत असे सांगितले होते. चाचणीचा निकाल फक्त घरच्यांना कळवा.

एप्रिल 2021 मध्ये लग्नाला 25 माणसे, दोन तास आणि मोडल्यास 50 हजार दंड असा नियम होता. पण गरिबाची पावती फाटली आणि पुढाऱ्याच्या मांडवात समितीच पंगतीला बसली, तर तो नियम त्या गावात संपला. पहिली पावती वजनदार घरची फाडा.

नियम बदलला तर कारण त्याच दिवशी सांगा. 2021 मध्ये कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर 28 दिवसांवरून 6 ते 8 आठवडे, मग 12 ते 16 आठवडे झाले. कारण न कळलेल्यांनी ‘लस संपली’ असा अर्थ काढला.

सक्तीचे म्हणाल तर नोव्हेंबर 2021 मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस नसेल तर पेट्रोल, रेशन नाही असा आदेश निघाला. असा धाक माणसाला केंद्रापर्यंत आणतो. दुसऱ्या डोसाला त्याला आशाताईंची ओळखच आणते.

आणि टँकरच्या गावात ‘वारंवार हात धुवा’ नुसते सांगू नका. पाच लिटरचा कॅन मुठीतून आडव्या काठीला टांगा, वरच्या बाजूला खिळ्याने भोक पाडा, झाकणाला दोरी बांधून खाली पायाने दाबायची काठी लावा; ती दाबली की कॅन कलतो आणि पाण्याची धार येते. भोक मोठे पडले तर दुपारीच कॅन रिकामा होतो.