तो खोकला आधी सांगा

प्रश्न : वय ५४, दोन बाळंतपणं झाली आहेत. हसताना, शिंकताना, जिना उतरताना लघवी निसटते. रोज पॅड लावते. मैत्रिणींनी सहल ठरवलीय, न जाण्यासाठी त्यांना काय कारण सांगू?

ताई,

कारण मी सुचवणार नाही. पॅड लावा आणि जा.

तुमच्या लांबलचक पत्रात वय आहे, बाळंतपणं आहेत, वाढलेलं वजन आहे, लाज तर पानोपानी आहे. आणि मध्येच कंसात एक वाक्य : 'रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून जरा कोरडा खोकला असतो, पण त्याचं काही विशेष नाही.' विशेष कसं नाही? बाळंतपणं होऊन पंचवीस वर्षं झाली. गळणं दीड वर्षाचं, गोळीही दीड वर्षाचीच. हे सगळं तुम्हीच लिहिलंय, फक्त शेजारीशेजारी ठेवून पाहिलं नाहीत.

स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. ते रामिप्रिल, एनालाप्रिल असं 'प्रिल'ने संपतंय का बघा. या गोळ्यांनी काहींना, त्यातही बायकांना जास्त, असा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव आणि ठसका. प्रत्येक ठसक्याला पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावर येतो. मूत्रमार्गाला आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणांत ताणलेले, वयाने सैलावलेले, त्यात वजनाचा भार. दिवसभर असे दणके बसल्यावर ते किती धरून ठेवणार?

दर महिन्याला रक्तदाब मोजून घेता आणि डॉक्टरांना यातलं अक्षरही सांगत नाही, का तर 'ते पुरुष आहेत'. याचा मला राग आलाय. त्यांचाही आलाय. ही गोळी देणाऱ्याने दीड वर्षात 'खोकला येतो का' एवढं तरी विचारायला हवं होतं.

याच आठवड्यात जा. तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे ठेवा : 'ही गोळी सुरू झाल्यापासून खोकला आहे, खोकताना लघवी गळते. गोळी बदलता येईल का?' मनानेच बंद मात्र करू नका, रक्तदाब अंगाशी येईल. सहसा खोकला न आणणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत. गोळी बदलली की खोकला बहुतेक वेळा १ ते ४ आठवड्यांत जातो, कधी ३ महिनेही घेतो. आणि तो गोळीचा नसेल, तर दीड वर्षाचा खोकला तपासून घ्यायलाच हवा.

खोकला गेल्यावरही थोडं गळत राहिलं, तर फिजिओथेरपिस्टकडून ओटीपोटाच्या स्नायूंचा व्यायाम नीट शिकून घ्या. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू एका वेळी किमान ८ वेळा आवळायचे, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. फक्त हा सराव लघवी करता करता नको, त्याने मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.