'काहून?' विचारणाऱ्या मिस

प्रश्न : सर, माझी मुलगी इथल्याच एका कॅथलिक कॉन्व्हेंटमध्ये सातवीत आहे. यंदा गणिताला नव्या मिस आल्यात. त्या फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवतच नाहीत. आधी मुलींना सोडवायला लावतात, मग एखादं चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहून विचारतात, "काहून?" इंग्रजी शाळेत काहून! वहीत लाल फुली नाही, चुकीखाली नुसती पेन्सिलची रेघ. मागच्या आठवड्यात अख्खा तास कॅलेंडरवर गेला. सहामाही तोंडावर आली आणि अपूर्णांकांचा भागाकार अजून सुरूच आहे. ट्यूशन लावू का? की सरळ प्रिन्सिपल सिस्टरना भेटू?
– एक आई, मोहननगर, नागपूर

उत्तर : ताई, सिस्टरकडे इतक्यात जाऊ नका. आधी मिसना भेटा. ट्यूशनचं दिवाळीनंतर बघू.

कॅलेंडरचा तास वाया गेला असं तुम्हाला वाटतंय, पण तो अपूर्णांकांचाच तास होता. वर्षाचे दिवस ३६५ आणि वर पाव, म्हणून दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्तीचा, असा जुना हिशेब. सूर्य मात्र पावापेक्षा किंचित कमी देतो. हे किंचित साचत गेलं आणि वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस कॅलेंडरवर मागे सरकत राहिला. त्यावरून ईस्टर ठरतो, तेव्हा चर्चला त्याची काळजी पडणारच. शेवटी १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आणला. त्यामागच्या आकडेमोडीत क्लॅव्हियस नावाचे जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघातले, गणिती होते. पूर्वी ४०० वर्षांत १०० लीप वर्षं यायची, आता ९७ येतात. शतकी वर्षांपैकी चारशेनं भाग जाणारंच लीप, म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. १००/४०० ऐवजी ९७/४००. कॉन्व्हेंटच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून एवढं काढून दाखवणारी बाई मला तरी माझ्या नोकरीत भेटली नाही.

आता भागाकार. मी स्वतः तीसेक वर्षं पोट्ट्यांना 'उलटं करा आणि गुणा' हेच घोकवलं. एकदा आठवीत, नेहमी पैकीच्या पैकी मार्क घेणाऱ्या मुलीला सहज विचारलं, "तीनाला अर्ध्यानं भागलं तर सहा आले. भागल्यावर वाढलं कसं गं?" ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. म्हणाली, "सर, उलटं करायला तुम्हीच सांगितलं होतं." तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. त्या दिवशी शाळेतून घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो.

आज रात्री एक करा. दीड किलो तुरीची डाळ ओट्यावर ठेवा आणि मुलीला म्हणा, पाव-पाव किलोच्या पुड्या बांध. सहा होतील. मग हेच कागदावर भागाकार म्हणून मांडायला सांगा. उलटं करायचा नियम तिला आपणहून सापडला तर ठीक, नाही सापडला तर तुम्ही घाईनं सांगू नका. ट्यूशनवाले तो पहिल्याच दिवशी सांगून मोकळे होतात, म्हणून तर म्हणतो दिवाळीनंतर.

'काहून'चं म्हणाल तर तुमचा राग मला कळतो. फी भरताना काय-काय मोडावं लागतं तेही मी पाहिलंय. पण 'व्हाय' विचारलं की मुली पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवतात. 'काहून' विचारलं की जरा हसतात आणि मग स्वतःचं बोलायला लागतात. परीक्षेत इंग्रजीतच लिहायचंय, ते त्या लिहितील.

एका बाबतीत मात्र माझं मिसशी पटणार नाही. तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा वर्गात बहुतेक वेळा पाढे मागे पडतात. माझ्या आजीला पावकी, निमकी, दीडकी, औटकीसुद्धा तोंडपाठ होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! आजी शाळेत गेलेली नव्हती, पण बाजारात तिला फसवायची कुणाची टाप नव्हती. औटकी राहू द्या, पण एकोणीसपर्यंतचे पाढे रोज दहा मिनिटं म्हणवून घ्या, पोळ्या लाटता लाटता. ते काम शाळेवर सोडू नका. पाढे अडखळले की तिचं सगळं डोकं सतरा साते किती यातच अडकेल आणि काहूनचं उत्तर राहूनच जाईल.

मिसना भेटायला जाल तेव्हा 'पोर्शन कधी संपेल' असं विचारू नका, त्यावर त्या तारीख सांगतील आणि गाडी तिथंच थांबेल. सहामाहीत मार्क नुसत्या उत्तराला आहेत की पायऱ्यांनाही, हे विचारा. पायऱ्यांना असतील तर तुमची मुलगी फायद्यातच आहे. जाताना ती वही सोबत न्या. पेन्सिलच्या रेघेखाली बहुधा मुलीनं स्वतः काहीतरी लिहिलेलं असेल, चूक कशी झाली ते. तुमच्या पत्रात ते आलंच नाही. पुढच्या वेळी तेवढं उतरवून पाठवा, मला वाचायचंय.