बुद्धिबळात कमी रेटिंगचा (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) खेळाडू स्पर्धेत जिंकला, तर ते निव्वळ नशीब असतं का?

नाही हो. रेटिंगमध्ये ८० गुणांचा फरक असला तरी हिशेबाने १०० डावांत खालच्याच्या वाट्याला साधारण ३९ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) येतातच. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचंच बघा. जुलै २०२५, बातुमी, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. समोर कोनेरू हम्पी, रेटिंगने साधारण तेवढीच वर, शिवाय रॅपिडची, म्हणजे कमी वेळेच्या डावांची, तेव्हाची जगज्जेती! क्लासिकलचे, म्हणजे जास्त वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत, पहिला रॅपिडही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. घड्याळ अंगावर आलं तशी हम्पी डावाच्या अखेरीस चुकली आणि दिव्याने संधी सोडली नाही. एकही जीएम नॉर्म (ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारी ठरावीक कामगिरी) नसलेली १९ वर्षांची पोरगी विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर झाली. वेळ कमी असला की रेटिंगचा धाक निम्मा होतो, असं माझं मत.