स्पेअरची यादी नंतर, आधी वडिलांचे आरसी बुक बघा

वडील साठीच्या पुढचे, गाडी १९७१ची जावा, डिसेंबरात म्हापशाहून कन्याकुमारी आणि परत अशी जुन्या दुचाकींची रन, तुम्ही कार घेऊन सोबत. कारमध्ये कोणकोणते स्पेअर ठेवू, असे तुम्ही विचारले आहे. माझी नजर मात्र तुमच्या फोटोतल्या नंबर प्लेटवर गेली. जीडीए! म्हणजे गोव्याला हल्लीचा जीए मिळण्याआधीचा नंबर. दादाच्या बुलेटचाही तसाच. त्याच्या लांबच्या रनना सोबतची गाडी मी सांभाळते, म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवेना.

प्लग, पॉइंट, कंडेन्सर, क्लच केबल, चेनचे लॉक हे तुमच्या मेस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त कळते. त्यात मी पडत नाही.

तुम्ही आजच्या आज एक करा. वडिलांचा नंबर सरकारी वाहन ॲपवर टाकून बघा. ‘नोंद सापडत नाही’ असे आले तर स्पेअर राहू द्या, आधी वाहतूक खात्याच्या कचेरीची वाट धरा. आमचे आरसी बुक जुने, हाताने लिहिलेले. त्याचे दर पाच वर्षांचे नूतनीकरण नियमित झालेले, शिक्के स्पष्ट. पण संगणकात गाडी नाही. संगणकात नाही म्हणून पीयूसी निघेना, विम्याची कंपनी पॉलिसी देईना. ज्या कचेरीत ही नोंद चढवायची, तिथे दर खेपेला टेबलावर नवा माणूस आणि मागणीत नवा कागद. एकाने चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट मागितली. ती दिली, तर दुसरा म्हणाला गाडीच आणून दाखवा. गाडी नेली, तर जुने रजिस्टर दुसऱ्या कचेरीत गेलेय म्हणे. त्या कचेरीत गेलो, तर ते कधीच परत पाठवले. दादा सत्तरीचा माणूस, उन्हात बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. त्याच्याशी कुणी उर्मट बोलले नाही, हेही सांगते. फक्त कुणी उठून कपाट उघडले नाही. रनची तारीख आली, आयोजकांच्या तपासणीत विम्याचा कागद नाही म्हणून आम्हाला सुरुवातच करू दिली नाही. त्यांचे बरोबरच होते. वर्षभर जपून बांधलेले इंजिन तसेच घरी आले. दादाचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून बघवत नाही.

शेवटी काम झाले ते तोंडी विनवण्या सोडून लेखी अर्ज दिल्यावर. अर्जात ‘बॅकलॉग एंट्री’ हा शब्द घाला, कारण कचेरीत या कामाला तेच म्हणतात. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. महिन्यात हालचाल नाही झाली तर माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: माझा अर्ज सध्या कुणाच्या टेबलावर आहे? मी वकील नाही, हा आमच्यापुरता अनुभव. चतुर्थीच्या आधी अर्ज आत गेलेला बरा.

कुणीतरी तुम्हाला सुचवेल की गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, व्हिंटेज म्हणूनच नोंदवा. २०२१च्या केंद्रीय नियमांत तशी सोय आहे. जुना नंबर ठेवता येतो, नोंदणी दहा वर्षांची मिळते. पण मग ती गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे, एवढ्यासाठीच. तुमचे वडील तिच्यावरून शुक्रवारच्या बाजाराला जातात असे तुम्हीच लिहिले आहे. माझे मत विचाराल तर त्यांचा शुक्रवार काढून घेऊ नका.

आता रस्त्याचे. कार त्यांच्या मागे लावू नका. मागे आपला माणूस असला की चालवणारा आरशात बघत राहतो आणि तुमच्यासाठी वेग बदलतो. पुढे जा, ठरवलेल्या पेट्रोल पंपावर थांबा. पहिल्याच सकाळी पर्वरीला तुमची फाटाफूट होणार आहे: मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, त्यांना खालच्या जुन्या पुलावरून यावे लागेल. भेटायची जागा आदल्या रात्रीच ठरवा. रनच्या नियमावलीत बाहेरची मदत चालते का, तेही वाचा. अमेरिकेत २०१०पासून जुन्या मोटारसायकलींची ‘कॅननबॉल’ नावाची लांब पल्ल्याची रन होते, तिथे मदतीच्या गाड्यांना स्वारांच्या मार्गावर येऊच देत नाहीत. वाटेतली दुरुस्ती स्वाराची स्वतःची. मला ती पद्धत पटते. वडिलांना रस्त्याकडेला पॉइंट घासताना बघून तुमचे हात शिवशिवतील, पण मागितल्याशिवाय पाना पुढे करू नका.

टू-स्ट्रोक आहे, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचे, तेव्हा पाच लिटर पेट्रोलला लागेल तेवढे ऑइल भरलेल्या छोट्या बाटल्या घरूनच न्या. पंपावर मागे रांग लागलेली असताना मापात चूक होते, आणि ऑइल कमी पडले की करमळ घाटाच्या चढावर पिस्टन धरतो, म्हणजे अडकून बसतो. इंजिन ओढेनासे वाटले की लगेच क्लच दाबायचा, हे वडिलांना माहीत असेलच. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने टाकीच्या कॉकमधले जुने बूच आणि रबर खराब होते. निघण्याआधी ते बदला, एक सेट डिक्कीत ठेवा. सहा व्होल्टच्या दिव्यावर काळोखात चालवू देऊ नका, यावर मात्र भांडण झाले तरी चालेल.

दुपारी जड जेवण नको. थर्मासमध्ये पेज, सोबत लोणचे, आणि अर्धा तास सावलीत आडवे पडणे. दादाला तेवढ्यावर संध्याकाळपर्यंतची ताकद येते.

आधी ॲपवर काय दिसते ते कळवा. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, नंबर आणि नाव बदलून वापरता येईल.