डुकराचा कॉर्निया, कुत्र्याचा डोळा

प्रश्न : डुकराचा कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) माणसाला बसवता यावा, यासाठी कुत्र्यांवरही प्रयोग होतात, असे वाचले. त्यांचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू पडतात?

उत्तर : अंशतःच. कुत्र्याच्या कॉर्नियाची जाडी माणसाच्या कॉर्नियासारखीच, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. शिवाय सशाच्या कॉर्नियातील आतल्या थराच्या पेशी जखमेनंतर सहज वाढतात, तशा त्या माणसाप्रमाणेच प्रौढ कुत्र्यातही वाढत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेचे तंत्र अभ्यासण्यास कुत्र्याचा डोळा उपयुक्त ठरतो. खरी अडचण रोगप्रतिकारशक्तीची आहे. डुकराच्या पेशींवरील अल्फा-गॅल ही शर्करा कुत्र्याच्या पेशींवरही असल्यामुळे त्याचे शरीर तिला परके मानत नाही. माणसाच्या पेशींवर मात्र ती नसते आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे (परक्या घटकांना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने) आपल्या रक्तात आधीपासूनच असतात. म्हणून कुत्र्यात टिकलेले रोपण माणसातही टिकेल असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. ही शर्करा नसलेल्या आफ्रिका-आशियातील माकडांवरची चाचणी त्यासाठीच आवश्यक ठरते. लहान प्राण्यांवरून तेच उत्तर मिळत असेल तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग शक्यतो टाळावेत, असे आपला प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो. तेव्हा कुत्राच का हवा, हे संशोधकाने प्रयोगाआधी पटवून दिलेच पाहिजे.