तारवटी मामाच्या एलपी

प्रश्न: आमचा मामा तारवटी होता, बोटीवरून यायचा तेव्हा रेकॉर्ड आणायचा. मडगावच्या जुन्या घरात माळ्यावर जिमी स्मिथच्या, ब्ल्यू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या दोन एलपी सापडल्यात, पण पांढरी बुरशी धरलीय. ओरिजिनल आहेत का, आणि साफ कशा करू?

उत्तर: अहो, हॅमंड ऑर्गनवर, म्हणजे विजेवरच्या ऑर्गनवर, सोल जॅझ ऐकायचं तर जिमी स्मिथच, नशीबवान आहात! आधी लेबल वाचा. ब्ल्यू नोट कंपनी 1965-66 च्या सुमारास लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने घेतली, त्यामुळे लेबलवर लिबर्टीचं नाव असेल तर ती नंतरची छपाई. मग तबकडी उजेडात तिरकी धरा, गाणं संपतं तिथून लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते ना, तिथे बारीक कोरलेलं दिसतं, व्हॅन गेल्डर किंवा आरव्हीजी म्हणजे साउंड इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरची खूण, आणि शेजारी कानासारखा वळणदार पी असेल तर ती 1966 पर्यंतच्या प्लास्टिलाइट कारखान्यातली, मग जिवापाड जपा.

बुरशी सुक्या फडक्याने घासू नका, कण खाचेत फिरून चरे पडतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एकच थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवून सावलीत उभी सुकवा, उन्हात वाकते. आतली जुनी कागदी पिशवी बदलाच, बुरशी तिथेच मुरलेली असते, पण बाहेरचं कव्हर फेकू नका हां. आणि पावसाळ्यात परत माळ्यावर नको, एलपी उभ्याच ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब.